लॅक्टोफेरिन, ट्रान्सफेरिन आणि हीम : वापरापूर्वी वाचावयाची माहिती

दुधातील लॅक्टोफेरिन आणि रक्तातील ट्रान्सफेरिन ही प्रथिने लोह घट्ट धरतात, म्हणून ती हीमही (रक्ताला लाल रंग देणारा, मधोमध लोह असलेला वलयाकार रेणू) तितक्याच घट्ट धरत असतील, असा समज आमच्या ग्राहकांकडून येणाऱ्या प्रश्नांत अनेकदा दिसतो. या समजावर प्रयोगाची आखणी केल्यास निष्कर्ष चुकू शकतात, म्हणून हे माहितीपत्रक.

सुमारे 80 किलोडाल्टन वजनाच्या या दोन्ही प्रथिनांचे दोन भाग असतात. प्रत्येक भागाच्या खोबणीत फेरिक (तीन धनभार असलेल्या) लोहाचा एकच आयन बसतो. त्याला दोन टायरोसिन, एक हिस्टिडिन आणि एक अ‍ॅस्पार्टेट ही प्रथिनातील अमिनो आम्ले धरून ठेवतात, आणि त्यांच्या जोडीला एक कार्बोनेट आयनही लागतो. म्हणूनच लोह भरताना द्रावणात बायकार्बोनेट असणे आवश्यक आहे. आम्लता वाढली की ट्रान्सफेरिन पीएच 6 च्या खाली लोह सोडू लागते, तर लॅक्टोफेरिन ते पीएच 4 च्या आसपासही बरेचसे राखून ठेवते.

हीममधील लोह मात्र पोर्फिरिन वलयातील चार नायट्रोजनांनी आधीच बांधलेले असते आणि ते वलय या खोबणीत मावत नाही. हीमिन (फेरिक लोह असलेले हीमचे रूप) या प्रथिनांना चिकटू शकते, परंतु ते लोहाच्या जागी बसत नाही आणि त्याची पकड हीमोपेक्सिनच्या पकडीच्या तुलनेत फारच सैल असते. हीमोपेक्सिन हे रक्तातील खास हीम धरणारे प्रथिन असून ते दोन हिस्टिडिनांच्या मधोमध हीमचा एकच रेणू धरते. हीममधील लोह ट्रान्सफेरिनला मिळायचे असेल, तर आधी वलय तुटावे लागते. पेशीत हे काम हीम ऑक्सिजनेझ हे विकर करते. प्रयोगनळीत हायड्रोजन पेरॉक्साइडमुळेही वलय तुटते आणि सुटे झालेले लोह लोहरहित प्रथिन उचलू शकते. पेरॉक्साइड वापरणाऱ्या प्रयोगात हा मार्ग लक्षात न घेणे आम्हाला धोक्याचे वाटते.

रंगावरून निष्कर्ष काढताना विशेष सावध राहावे. लोहाने भरलेले प्रथिन फिकट गुलाबी दिसते आणि 465 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, परंतु तपकिरी हीमिनचे शोषण 400 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असले तरी त्याची शेपटी याच पट्ट्यात येते. हीमिन घातल्यावर 465 वरील वाचन वाढले, तर त्यावरून प्रथिनात लोह भरले असे म्हणता येत नाही; केवळ हीमिन असलेले नियंत्रण द्रावण सोबत मोजावे आणि एका तरंगलांबीवर न थांबता संपूर्ण वर्णपट घ्यावा.

रक्तापासून मिळवलेल्या ट्रान्सफेरिनमध्ये अल्ब्युमिनचा थोडासा अंश जरी राहिला, तरी हीमिन आधी त्यालाच जाऊन बसते, कारण अल्ब्युमिनमध्ये हीमसाठी स्वतंत्र जागा आहे. त्यामुळे शुद्धता केवळ एकूण प्रथिनाच्या आकड्यावर न तपासता जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) पाहावी.

हीमिन आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवावे आणि मग बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) थोडे थोडे मिसळावे, कारण उदासीन पाण्यात त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळा होतात. हे द्रावण प्रकाशापासून दूर ठेवून त्याच दिवशी वापरावे. बफरमध्ये सायट्रेट किंवा ईडीटीए नसावे, कारण ही दोन्ही द्रव्ये लोहासाठी प्रथिनाशी स्पर्धा करतात. लोह भरण्यासाठी साधे फेरिक क्लोराइड घेतल्यास उदासीन द्रावणात त्याचा साका खाली बसतो, म्हणून फेरिक नायट्रिलोट्रायअ‍ॅसिटेट घ्यावे.