विराटच्या डेकवर उतरलेलं चिनूक

मुंबई बंदरात 'आयएनएस विराट' उभी पाहिलेल्या अनेकांना तिचं आधीचं नाव ठाऊक आहे. ब्रिटिश नौदलात ती 'हर्मिस' होती. १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या युद्धात ब्रिटिश ताफ्याची ती प्रमुख नौका होती आणि १९८७ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्या युद्धात एक भलंमोठं हेलिकॉप्टर ऐनवेळी आसऱ्यासाठी तिच्या डेकवर उतरलं होतं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

ते हेलिकॉप्टर म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं चिनूक, क्रमांक झेडए ७१८. अंगावर 'बी एन' ही अक्षरं रंगवलेली. रेडिओवर बोलताना 'बी'ला 'ब्राव्हो' आणि 'एन'ला 'नोव्हेंबर' म्हणतात, म्हणून सगळे त्याला 'ब्राव्हो नोव्हेंबर' म्हणत. चिनूकला पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे रोटर असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरू नये म्हणून शेपटीला लागणारा छोटा पंखा इथे लागत नाही आणि इंजिनांची जवळजवळ सगळी ताकद वजन उचलण्याच्या कामी येते. माणसं पोटात, तोफ खाली हुकाला लटकवलेली, हे चिनूकचं नेहमीचं काम. २०१९ पासून आपल्या हवाई दलाकडेही चिनूक आहेत, तीही याच कामासाठी.

फॉकलंडला निघालेली चिनूक 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर होती. समुद्रप्रवासासाठी त्यांची रोटरची पाती उतरवून ठेवली होती. २५ मे रोजी, अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय दिनी, अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेली जहाजविरोधी एक्झोसेट क्षेपणास्त्रं या जहाजावर आदळली. कप्तान इयान नॉर्थ यांच्यासह १२ जण गेले. तीन चिनूक जागच्या जागी जळाली. त्यांच्यासोबत सुटे भाग, हत्यारं आणि दुरुस्तीची पुस्तकंही गेली. ब्राव्हो नोव्हेंबरला पाती नुकतीच जोडून झाली होती आणि ते चाचणीसाठी हवेत होतं. परत उतरायला जहाज उरलं नव्हतं, म्हणून ते हर्मिसवर आलं.

या एका दिवसाने जमिनीवरच्या लढाईचा सगळा हिशेब बदलला. चिनूकने उडून जायचं, हे गृहीत धरलेले सैनिक आता पाठीवर बोजा घेऊन दलदलीतून, थंडीवाऱ्यात पूर्व फॉकलंड पायी ओलांडायला निघाले. उरलेल्या एकुलत्या चिनूकवर किती भार पडला असेल, याची कल्पना त्यावरून यावी. हवाई दलाच्या १८व्या स्क्वाड्रनच्या मूठभर तंत्रज्ञांनी धड पाने-पकडी नसताना, पुस्तक हाताशी नसताना ते उडत ठेवलं. शौर्यपदकं वैमानिकांना मिळाली. मला मात्र या कहाणीत सगळ्यात मोठे वाटतात ते हे तंत्रज्ञ.

३० मेची रात्र. स्क्वाड्रन लीडर डिक लँगवर्दी माउंट केंटच्या उतारावर १०५ मिलिमीटरच्या तीन तोफा पोहोचवून परत निघाले होते. दोन तोफा पोटात नेल्या होत्या, तिसरी खाली लटकवून. परतीच्या वाटेवर हिमवर्षावात समोरचं दिसेना, उंचीचा अंदाज चुकला आणि हेलिकॉप्टर सुमारे १०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने पाण्यावर आपटलं. उसळलेलं पाणी इंजिनांत शिरलं, ती बंद पडू लागली. बाहेर उडी मारायच्या तयारीत सहवैमानिकाने आपल्या बाजूचं दार सोडून दिलं, ते समुद्रात गेलं. तेवढ्यात दोघांनी मिळून जोर लावून यंत्र वर खेचलं आणि इंजिनांनी पुन्हा वेग धरला. एक दार नसलेलं हेलिकॉप्टर तळावर परतलं. लँगवर्दींना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

त्यानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत याच चिनूकने एका फेरीत ८१ छत्रीधारी सैनिक फिट्झरॉयच्या दिशेने नेले. एरवी त्यात याच्या निम्मेच सैनिक बसतात. आसनं दुमडून सगळे उभ्याने, खेटून गेले, सकाळच्या विरार लोकलसारखे.

पुढची वर्षं भराभर सांगता येतात. नव्वदच्या दशकात त्याचं नूतनीकरण झालं, पुढे कॉकपिट बदललं, उड्डाण-नियंत्रण डिजिटल झालं. दापोडीच्या कार्यशाळेत एसटीच्या जुन्या सांगाड्यावर नवी बॉडी चढते, तसंच काहीसं. पण क्रमांक तोच राहिला आणि लौकिकही. २००३ मध्ये इराकच्या अल फाव द्वीपकल्पावर मरीन उतरवताना स्टीव्ह कार यांना, २००६ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेल्मंडमध्ये जखमींना रात्री बाहेर काढताना क्रेग विल्सन यांना, आणि २०१० मध्ये तिथेच इयान फॉर्च्युन यांना हाच क्रॉस मिळाला. फॉर्च्युन यांच्या हेल्मेटला गोळी लागली होती. चेहऱ्यावर रक्त ओघळत असताना त्यांनी जखमींनी भरलेलं हेलिकॉप्टर तळावर आणलं. एकाच हेलिकॉप्टरवर, चार वेगवेगळ्या वैमानिकांना, चार क्रॉस.

२०२२ मध्ये ब्राव्हो नोव्हेंबर निवृत्त झालं आणि इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात गेलं. आज लोक मुलांना घेऊन त्याच्याजवळ जाऊन उभे राहू शकतात.

ज्या डेकवर त्याला आसरा मिळाला, ती विराट मार्च २०१७ मध्ये मुंबईतच सेवेतून उतरवली गेली. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरीही दिली होती. ते झालं नाही, याची हळहळ मला अजून आहे. सप्टेंबर २०२० मध्ये टगबोटी तिला ओढत मुंबईबाहेर घेऊन गेल्या, गुजरातेतल्या अलंगच्या किनाऱ्याकडे, तोडण्यासाठी.