इंटलेक्चुअल

विचार करणे, मते मांडणे आणि त्या बळावर सार्वजनिक प्रश्नांत बोलणे हे जिचे मुख्य काम, अशा व्यक्तीसाठी इंग्रजीत रूढ असलेला शब्द. मराठीत त्याला विचारवंत किंवा बुद्धिजीवी म्हणतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘मधून निवडणे’, म्हणजे पारखणे, उमगणे.

इंग्रजीत चौदाव्या शतकापासून हे विशेषण आहे, अर्थ ‘बुद्धीसंबंधी’. सतराव्या शतकात त्याचे अनेकवचन नाम म्हणूनही येऊ लागले, पण त्यातून माणसांचा बोध होत नसे. ‘याचे डोके ठिकाणावर आहे ना?’ असे आपण विचारतो, त्यातले जे डोके, तेवढाच त्याचा अर्थ. माणसांसाठी तो वापरणाऱ्या पहिल्या काहींत कवी बायरन आहे. 1813 च्या रोजनिशीत ‘या इंटलेक्चुअल मंडळींचे’ बोलणे ऐकण्याइतकी प्रकृती बरी असावी, असे तो लिहितो. त्यातला तिरकसपणा लपत नाही.

शब्दाला राजकीय धार चढली ती फ्रान्समध्ये. आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू कॅप्टनला जर्मनीला लष्करी गुपिते पुरवल्याच्या खोट्या आरोपावरून 1894 मध्ये शिक्षा झाली होती. 13 जानेवारी 1898 रोजी कादंबरीकार एमिल झोलाने ड्रेफसच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले जाहीर पत्र ‘लोरोर’ या दैनिकाने छापले. दुसऱ्याच दिवशी खटल्याच्या फेरविचाराची मागणी करणाऱ्या लेखक-प्राध्यापकांच्या सह्या येऊ लागल्या. कित्येकांनी नावापुढे पदव्याही लावल्या होत्या. राजकारणी आणि पत्रकार जॉर्ज क्लेमांसोने या सह्या करणाऱ्यांना गौरवाने ‘इंटलेक्तुएल’ म्हटले. राष्ट्रवादी लेखक मोरिस बारेसने तोच शब्द हिणवण्यासाठी उचलला: व्याकरण किंवा रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना लष्करी न्यायातले काय कळते, असा विरोधकांचा एकूण सूर होता. ड्रेफस 1906 मध्ये निर्दोष ठरला. शब्दाला चिकटलेला वाद मात्र सुटला नाही.

इंग्रजांना हा शब्द परक्या मुलखातला, काहीसा शिष्ट वाटत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीत त्याचा वापर बहुतांशी प्रतिकूल अर्थानेच होत असे, असे ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स नोंदवतो. अमेरिकेत 1952 च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार अॅडलाय स्टीव्हन्सन आणि त्याच्या समर्थकांना ‘एगहेड’, म्हणजे अंड्यासारख्या डोक्याचे, म्हणून चिडवले गेले. इटलीत तुरुंगात लिहिताना मार्क्सवादी विचारवंत अंतोनिओ ग्राम्शीने प्रश्नच फिरवला: बुद्धी सगळेच वापरतात, पण समाजात इंटलेक्चुअलचे काम सगळ्यांकडे नसते.

‘इंटेलिजेन्शिया’ हा शब्द वेगळा. तो रशियनमधून इंग्रजीत आला आणि एका व्यक्तीला नव्हे, तर सुशिक्षित वर्गाला लागतो.

मराठीतले दोन प्रतिशब्दही सारख्या वजनाचे नाहीत. ‘विचारवंत’ श्रद्धांजलीच्या मथळ्यात शोभतो. ‘बुद्धिजीवी’ मुळात ‘श्रमजीवी’च्या जोडीचा, बुद्धीवर उपजीविका करणारा असा सरळ शब्द, हल्ली तो बहुधा टोमणा मारतानाच ऐकू येतो. ‘बुद्धिवादी’ या दोघांच्या जागी वापरणे चूक आहे, कारण तो रॅशनॅलिस्टचा, म्हणजे तर्कबुद्धीला प्रमाण मानणाऱ्याचा, प्रतिशब्द आहे.