ट्रॅक्टर अनुदान: अर्ज, पात्रता, कागदपत्रे आणि लोडर-बॅकहो घेणाऱ्यांनी आधी पाहायच्या गोष्टी

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला शेतकरी हल्ली हमखास एक प्रश्न विचारतो. "पुढे लोडर आणि मागे जेसीबीसारखा हात बसवला, तर तोही अनुदानात बसेल का?" बांध घालायचे असतात, चारी खोदायची असते, उकिरड्यातले शेणखत ट्रॉलीत भरायचे असते आणि मजूर मिळत नाही. त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर न कळताच कोटेशन घेतले जाते आणि मग अर्ज अडकतो.

ट्रॅक्टरचे अनुदान फक्त ट्रॅक्टरचे असते. महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन योजना-पोर्टलवर प्रत्येक यंत्र किंवा अवजार हा वेगळा घटक धरला जातो. लोडर किंवा बॅकहो (मागे बसणारा खोदाईचा हात) त्या वर्षीच्या यादीत नावाने दिसत असेल, तर त्याचा अर्ज वेगळा करायचा. यादीत नसेल तर तो खर्च पूर्ण आपला. "ट्रॅक्टरच्या बिलातच बसवून देतो" असे कोणी म्हणाले तर सरळ नाही म्हणा. तपासणीच्या वेळी बिल, कोटेशन आणि यंत्र यांचा मेळ बसला नाही की फाईल परत येते आणि हेलपाटे आपल्यालाच घालावे लागतात.

योजना कोणती आणि किती मिळते

हे अनुदान कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून मिळते. केंद्राने ते 2014-15 मध्ये सुरू केले. खर्चाचा 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा. महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आलेले प्रमाण असे: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारक यांना किमतीच्या 50 टक्के, पण जास्तीत जास्त 1 लाख 25 हजार रुपये. इतरांना 40 टक्के, जास्तीत जास्त 1 लाख रुपये. अर्ज भरताना पोर्टलवर दिसणारा चालू आकडा तेवढा पाहून घ्या, कारण कमाल मर्यादा मार्गदर्शक सूचनांबरोबर बदलते.

एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्प भूधारक आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्प भूधारक. म्हणजे पाच एकरांच्या आतले बहुतेक शेतकरी 50 टक्क्यांच्या गटात येतात. जमीन तुमच्या नावावर असायला हवी आणि ती 7/12 व 8अ वर दिसायला हवी. क्षेत्र सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र आधीच लिहून घ्या. भावकीत गोडवा आहे तोवर सही लगेच मिळते, हे अनुभवाने सांगतो.

एकदा एका घटकाचा लाभ घेतला की त्याच घटकासाठी पुढची 10 वर्षे अर्ज करता येत नाही. दुसऱ्या अवजारासाठी मात्र करता येतो. घरात कोणाच्याही नावावर ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरचलित अवजारासाठी अर्ज चालतो, फक्त त्या ट्रॅक्टरचे आरसी बुक जोडावे लागते. ट्रॅक्टर आधीच घरी आहे आणि आता फक्त अवजार हवे आहे, त्यांनी हे नीट लक्षात ठेवावे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना वेगळी आहे. तिच्यात 9 ते 18 एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने 90 टक्के अनुदानावर मिळतात. एकूण मर्यादा 3 लाख 50 हजार, त्यातले 35 हजार गटाने भरायचे. गटातले किमान 80 टक्के सदस्य, तसेच अध्यक्ष आणि सचिव या घटकांतले हवेत. तो अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे जातो. पण मिनी ट्रॅक्टरला बॅकहो लावायचा विचारही करू नका. त्याचे वजन आणि त्याची लिफ्ट त्या कामासाठी नाही.

अर्जाच्या आधी: काम ठरवा, मग एचपी

अर्जात ट्रॅक्टरचा एचपी गट आणि टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह हे निवडावे लागते. केंद्राच्या सूचनांत हे गट पीटीओ एचपीवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर मिळणाऱ्या ताकदीवर, केले आहेत: 8 ते 20, 20 ते 40 आणि 40 ते 70. जाहिरातीत असतो तो इंजिनचा एचपी. पीटीओवर त्यातला साधारण 85 ते 90 टक्के पोचतो. म्हणजे 45 एचपी म्हणून विकला जाणारा ट्रॅक्टर पीटीओवर 40 च्या खाली असू शकतो आणि त्याचा गटच बदलतो. म्हणून काम आधी ठरवा.

लोडर लावायचा असेल तर माझे मत स्पष्ट आहे: फोर-व्हील ड्राइव्ह, पॉवर स्टिअरिंग आणि तेलात बुडालेले ब्रेक. साध्या ट्रॅक्टरचे बहुतांश वजन मागच्या आसावर असते. पुढे बकेट भरून उचलली की सगळा भार पुढच्या आसावर येतो आणि मागची चाके हलकी होतात. काळ्या ओल्या रानात अशा वेळी ट्रॅक्टर जागेवरच फिरतो आणि उतारावर तर उलटू शकतो. मागे वजन हवेच: चाकांत पाणी, लोखंडी वजने किंवा लिफ्टला टांगलेले जड अवजार. पुढच्या टायरचा आकार आणि आसाची मजबुती लोडर बनवणाऱ्याने त्या मॉडेलसाठी मान्य केली आहे का, हे लेखी घ्या.

लोडरच्या कामात दर मिनिटाला पुढे-मागे करावे लागते. शटल गिअर (एकाच दांड्याने पुढे-मागे करणारा) असेल तर क्लचचा आणि गुडघ्याचा जीव वाचतो. हायड्रोलिकसाठी बाहेरचे व्हॉल्व्ह किती आहेत, पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, हेही विचारा. पंप लहान असला तर बकेट उचलायला इतका वेळ लागतो की फावडे बरे वाटते.

बॅकहोचे गणित वेगळे आहे. तीन टोकांच्या लिंकेजला, म्हणजे लिफ्टच्या हातांना टांगलेला बॅकहो स्वस्त पडतो, पण खोदताना मुरूम लागला की सगळा झटका लिफ्टच्या घरावर, म्हणजे तिच्या लोखंडी कवचावर येतो. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका ट्रॅक्टरच्या लिफ्टचे घर असेच तडकले. विक्रेत्याने आधी होकार दिला होता, वॉरंटी मागायला गेल्यावर अटॅचमेंट कंपनीची नाही म्हणून हात झटकले. बॅकहो घ्यायचाच असेल तर तो ट्रॅक्टरच्या अंगाखालून जाणाऱ्या पूर्ण लांबीच्या सबफ्रेमवर बसणारा घ्या, म्हणजे झटका सांगाड्यावर वाटला जातो. ट्रॅक्टर कंपनीची त्या अटॅचमेंटला मान्यता आहे, असे शब्द वॉरंटीच्या कागदावरच असू द्या.

आणि खरेच बॅकहो हवा आहे का? वर्षातून चार दिवस चारी आणि पाइपलाइन एवढेच काम असेल, तर तासावर जेसीबी बोलावणे परवडते. ट्रॅक्टरवरचा हात जेसीबीइतका खोल जात नाही आणि तेवढा वेगही देत नाही. लोडर मात्र शेणखत, मुरूम, चारा, दगड अशा कामांना वर्षभर लागतो. दहा-बारा एकरवाल्याने आधी लोडर घ्यावा, बॅकहोचा विचार मागाहून करावा, असे मी सांगतो.

किमतीचीही एक गोष्ट. 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 हे प्रदूषणाचे निकष लागू आहेत. त्यासाठी इंजिन बदलावे लागले, त्यामुळे 50 ची रेषा ओलांडली की किंमतही उडी मारते. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. कोटेशनवर हाच दर लावला आहे का, ते तपासा.

अर्ज कसा करायचा

सगळ्यात आधी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. राज्यात 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. नसेल तर आधार, आधारशी जोडलेला मोबाईल आणि 7/12 घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात काढून घ्या. मग महाडीबीटीवर लॉगिन करून 'कृषी यांत्रिकीकरण' हा विभाग उघडा, घटकात ट्रॅक्टर निवडा, एचपी गट आणि ड्राइव्ह भरा, प्राधान्यक्रम द्या आणि 23 रुपये 60 पैसे शुल्क भरून पावती जपून ठेवा.

पूर्वी सोडत निघायची. 2025-26 पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य असे धोरण आले. म्हणून पोर्टलवर अर्ज लवकर टाकणाऱ्याचा फायदा आहे. निवड झाली की मोबाईलवर संदेश येतो. त्यात दिलेल्या मुदतीत कागदपत्रे चढवली नाहीत तर अर्ज बाद होतो, म्हणून नोंदवलेला नंबर चालू ठेवा. मुलाचा किंवा केंद्रचालकाचा नंबर देऊ नका.

लागणारी कागदपत्रे थोडीच आहेत: 7/12 आणि 8अ (डिजिटल सहीचे उतारे घरबसल्या निघतात), आधार, बँक पासबुक, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर जातीचा दाखला, स्वयंघोषणापत्र, अधिकृत विक्रेत्याचे कोटेशन आणि निवडलेल्या मॉडेलचा परीक्षण अहवाल. ट्रॅक्टरचलित अवजारासाठी आरसी बुक.

परीक्षण अहवाल विक्रेता देतो आणि बहुतेक जण तो न वाचताच चढवतात. ट्रॅक्टरची तपासणी मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत होते. पीटीओवर खरी ताकद किती, लिफ्ट किती किलो उचलते, ट्रॅक्टरचे वजन किती, हे सगळे त्या अहवालात असते. लोडरवाल्याला नेमके हेच आकडे हवे असतात. विक्रेत्याच्या तोंडच्या हिशेबापेक्षा हा कागद मोठा माना, आणि कोटेशनवरचे मॉडेल अहवालातल्या मॉडेलशी अक्षरशः जुळते का, ते पाहा. एका अक्षराच्या फरकावरूनही त्रुटी निघते.

तालुका कृषी कार्यालयाने छाननी केली की पूर्वसंमती पत्र मिळते. खरेदी त्यानंतरच. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर दारात आला पाहिजे म्हणून आमच्या नात्यातल्या एकाने आठवडाभर आधी बिल फाडले आणि पूर्वसंमती मागून आली. बिलाची तारीख आधीची, म्हणून अनुदान गेले. घरच्यांनी नवस फेडावा तसा सोहळा केला होता, तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मुहूर्त पाहायचाच तर पूर्वसंमतीच्या नंतरचा पाहा.

पत्रातल्या मुदतीत खरेदी करा. पैसे स्वतःच्या खात्यातून किंवा कर्जखात्यातून विक्रेत्याला द्या, रोखीने नको. जीएसटी बिल तुमच्याच नावाचे आणि त्यावर चॅसिस व इंजिन क्रमांक हवेत. लोडरचे बिल वेगळे घ्या. बिल पोर्टलवर चढवले की सहायक कृषी अधिकारी येऊन प्रत्यक्ष यंत्र पाहतात आणि फोटो घेतात. त्या दिवशी ट्रॅक्टर भाड्याने बाहेरगावी नसावा.

नोंदणी आणि विमा

नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हा बिगर-परिवहन वाहन आहे. बांधकाम यंत्रांचा वर्ग वेगळा आहे. नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून बॅकहो कायमचा बसवणार असाल तर आरटीओत आधी विचारून लेखी घ्या. शेतीच्या नावाचा विमा आणि ट्रॅक्टर मात्र बांधकामावर भाड्याने, अशा वेळी अपघात झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. खुदाईचे भाडे कमवायचा विचार असेल तर विमा घेतानाच तसा वापर सांगा.

अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येते. अर्जात मंजुरी दिसते पण पैसे दिसत नाहीत, अशा वेळी आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारा. जनधनच्या एखाद्या विसरलेल्या खात्यात पैसे पडून असल्याचे मी दोनदा पाहिले आहे.