गाणं घरचं, पगार टीव्हीचा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारात, मालिकेतला नट रात्री पबमध्ये गाताना दिसला तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. तिथे गाणं आधीपासून होतं, नाटक मागाहून आलं आणि दोन्हींचा पगार सगळ्यात शेवटी.

'शॉन-नोस' म्हणजे जुन्या वळणाचं गाणं. साथीला वाद्य नाही, बांधलेला ठेका नाही. गायक डोळे मिटून गातो. शेजारी बसलेला कुणीतरी त्याचा हात धरून जात्याचा खुंटा फिरवावा तसा सावकाश फिरवत राहतो. शेवटचे शब्द कधीकधी गायचे नसतात, नुसते बोलून टाकायचे असतात. मला त्या बोलण्यातच अर्धा नट दिसतो.

पण या गाण्यावर चूल पेटत नसे. कार्ना गावच्या जो हिनीचंच (१९१९–१९८४) बघा. शेकडो गाणी मुखोद्गत असलेला हा माणूस पोटासाठी ब्रिटनमध्ये मजुरी करत राहिला, पुढे न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा दरवान झाला. १९८२ मध्ये अमेरिकेने त्याला नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलावंतांचा सन्मान दिला. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात तो गाणं शिकवू लागला, पण थोड्याच काळात गेला.

गॉलवे शहरात १९२८ पासून आयरिश भाषेचं नाट्यगृह होतं, पण त्याचा गाडा बराचसा हौशी मंडळींनीच ओढला. देशाचं टीव्ही केंद्र १९६१ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालं, त्यात आयरिशला वेळ अगदी बेताचा मिळे. मग आयरिशभाषक भागातली तरुण मंडळी चिडली. १९६९ मध्ये त्यांनी हक्कांसाठी चळवळ उभारली आणि पुढच्याच वर्षी विनापरवाना रेडिओ चालवून दाखवला. सरकारने १९७२ मध्ये 'रेडिओ ना गेलतख्त' सुरू केला. जमलं म्हटल्यावर चळवळ्यांनी १९८७ मध्ये तोच डाव टीव्हीसाठी टाकला: विनापरवाना प्रक्षेपण! यश यायला मात्र नऊ वर्षं लागली. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी 'तेलिफीस ना गेल्गे' ही आयरिश भाषेची वाहिनी सुरू झाली. १९९९ पासून तिचं नाव 'टीजी फोर'. वाहिनी सुरू झाली तेव्हा संबंधित खात्याचे मंत्री असलेले मायकेल डी. हिगिन्स पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

या वाहिनीची 'रॉस ना रून' ही मालिका कॉनेमारातल्या स्पिडल गावात चित्रित होते. भाषा जिथे बोलली जाते तिथेच कामही मिळू लागलं, हा मला खरा फरक वाटतो. जो स्टीव्ह ओ नॅख्तन (१९४२–२०२०) याच परिसरातले. दोघांनी पद्यात रंगवायचा सवाल-जवाब, म्हणजे 'आगलव बेर्तं', लिहिण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. रेडिओवरची त्यांची मालिका वर्षानुवर्षं चालली. 'रॉस ना रून'मध्ये ते पाडर हे पात्र झाले, तेव्हा गावकऱ्यांना त्यांचा आवाज चांगलाच ओळखीचा होता.

मालिकेतला पबमालक ताग उभा केला मॅकदारा ओ फाहर्ता यांनी. जन्म इनिश मान बेटावरचा, आधीची कारकीर्द डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमधली. सेटवरचं गाव खोटं असलं तरी गल्ल्यामागे उभा असलेला हा ताग ज्या आयरिशमध्ये बोलतो ती त्यांची घरचीच.