फोर बाय फोर गाडी लवकर थांबते, हा गैरसमज

'फोर बाय फोर घेतली की पावसात घाटाची चिंता नको', हा समज सात आसनी गाडी निवडणाऱ्या कुटुंबांत वर्षानुवर्षे टिकून आहे, पण तो अर्धाच खरा आहे. या यंत्रणेत इंजिनाची ताकद दोनऐवजी चारही चाकांकडे जाते, त्यामुळे चिखलातून किंवा वाळूतून गाडी पुढे सरकते. ब्रेक मात्र साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतातच. ताम्हिणीच्या ओल्या उतारावर गाडी किती अंतरात थांबेल, हे वेग आणि टायरची पकड ठरवते, आणि वळणावर उंच, जड, माणसांनी व सामानाने भरलेली गाडी तर अधिकच जपून चालवावी लागते. तीव्र कच्च्या उतारावर लो रेंजमुळे, म्हणजे फोर बाय फोरमधल्या संथ पण जोरकस गिअरमुळे, इंजिनच गाडीला रोखून धरते, हा फायदा खरा, पण तो संथ वेगापुरता.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एन यांसारख्या गाड्यांतील फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवायचे नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसल्याने ताण थेट गिअर-शाफ्टवर येतो आणि स्टिअरिंग जड होते.

गडाच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता असेल, तर माझ्या मते जास्तीचे पैसे आधी चांगल्या टायरांवर खर्च करावेत.