डिस्क रात्री बंद करावी का? या प्रश्नाची पार्श्वभूमी

"कम्प्युटर रात्री बंद करू नका, डिस्क जाईल." इंदुरात रामबाग, टिळकनगरकडच्या मराठी घरांत हा सल्ला अजून कानावर येतो. त्याचं मूळ विंचेस्टर नावाच्या जुन्या रचनेच्या हार्ड डिस्कमध्ये आहे.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 मध्ये रॅमॅक या कम्प्युटरसोबत आणली: 24 इंची 50 तबकड्या, मिनिटाला 1200 फेरे, साठवण 50 लाख अक्षरं. ही यंत्रं मोठ्या कार्यालयांची. घरात कोण आणणार! 1973 च्या विंचेस्टर रचनेत हेड, म्हणजे माहिती वाचणारा-लिहिणारा भाग, फिरत्या तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगायचं आणि तबकडी थांबली की तिच्यावरच टेकायचं. म्हणजे दर चालू-बंदला थोडी घासाघीस आलीच. पुढे जास्त माहिती मावावी म्हणून तबकड्या आणखी गुळगुळीत झाल्या, त्यावर वंगणाचा थर, आणि हेड चिकटून बसू लागलं. सकाळी मोटर जोर लावी, तबकडी हलेना. मग जाणकार डिस्क हातात घेऊन हलकासा हिसडा देत. अशा डिस्कच्या धन्याने ती चालूच ठेवणं शहाणपणाचं होतं.

इंदुरात मात्र ते आपल्या हाती नव्हतं. मध्य प्रदेशात तेव्हा वीजकपात इतकी, की 2003 च्या विधानसभा निवडणुकीत बिजली-सडक-पानी हाच मुद्दा गाजला. लाइट गेली की डिस्कच्या फिरत्या मोटरचंच जनित्र होतं आणि तेवढ्या विजेवर हेड मागे सरकतं. डिस्क बचावते, अर्धवट लिहिलेल्या फाइलची हमी नाही. माझ्या मते आपल्याकडे खरी भीती याचीच हवी होती.

दरम्यान, 1990 च्या दशकात लॅपटॉपच्या डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेरच्या उतारावर ठेवण्याची सोय आली. पुढे ती डेस्कटॉपलाही मिळाली. चिकटण्याचा प्रश्न संपला, सल्ला उरला.

2007 मध्ये गूगलच्या संशोधकांनी लाखाहून अधिक डिस्कची पाहणी मांडली. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कवर चालू-बंदचा ठळक परिणाम दिसला नाही. तीन वर्षांपुढच्या डिस्कमध्ये मात्र जास्त वेळा चालू-बंद झालेल्यांच्या बिघाडाचं प्रमाण दोन टक्के-बिंदूंहून अधिक वाढलेलं दिसलं. पण आधीच आजारी मशीन दुरुस्तीसाठी वारंवार बंद होतं, हेही त्यांनीच नोंदवलं.

तेव्हा सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधली डिस्क चोवीस तास चालू द्या, ती त्यासाठीच बनते. घरचा कम्प्युटर रात्री रीतसर शटडाउन करायला हरकत नाही.