ग्रॉक
ग्रॉक : एखादी गोष्ट, व्यक्ती वा विचार इतका आत्मसात करणे, की जाणणारा आणि जाणले गेलेले यांत भेद उरू नये, अशा अर्थाचे इंग्रजीतील एक कल्पित क्रियापद. अमेरिकन विज्ञानकथालेखक रॉबर्ट ए. हाइनलाइन (१९०७–८८) यांच्या ‘स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड’ (१९६१) या कादंबरीतून ते रूढ झाले.

कादंबरीचा नायक व्हॅलेंटाइन मायकेल स्मिथ हा मंगळवासीयांनी वाढवलेला मनुष्य असून हा शब्द त्यांच्या भाषेतला आहे. त्याचा वाच्यार्थ ‘पिणे’ असा असल्याचे कथेतीलच भाषातज्ज्ञ महमूद सांगतो. कोरड्या मंगळावर पाणी सर्वांत मोलाचे. एका पेल्यातले पाणी वाटून घेणारे तेथे ‘जलबंधू’ ठरतात आणि प्यालेले पाणी पिणाऱ्याचाच अंश होते. प्रेम करणे आणि द्वेष करणे हे दोन्ही अर्थ महमूद याच क्रियापदात बसवतो, कारण ज्याला पुरते ओळखले नाही त्याचा खरा द्वेषही करता येत नाही.

कादंबरीची मूळ कल्पना १९४८ च्या सुमारास लेखकाच्या पत्नी व्हर्जिनिया यांनी सुचवली होती आणि लेखन पुढे बरीच वर्षे रेंगाळले. त्यामुळे १९६१ हे शब्दाच्या जन्माचे नव्हे, तर त्याच्या छापील प्रचाराचे वर्ष समजणे अधिक सुरक्षित होय. ध्वनिसाम्यावरून एखाद्या मानवी भाषेत त्याचा धातू शोधण्यापेक्षा तो लेखकाने मनाने घडवला, असे मानणेच सयुक्तिक दिसते. ज्ञाता व ज्ञेय यांचे ऐक्य वेदान्ताच्या अभ्यासकास ओळखीचे वाटेल. पण तेवढ्या साम्यावरून शब्दाचा उगम तिकडे नेता येत नाही.

साठोत्तरी अमेरिकेतील प्रतिसंस्कृतीत, म्हणजे प्रस्थापित मूल्ये नाकारणाऱ्या तरुणांच्या चळवळीत, आणि पुढे संगणक-आज्ञावलीकारांत शब्द रुळला, तसा त्याचा अर्थही पातळ होऊन ‘नीट उमगणे’ एवढ्यावर आला. २०२३ मध्ये ‘एक्सएआय’ या कंपनीने आपल्या संवादप्रणालीला हेच नाव दिले. यंत्रशिक्षणात, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवण्याच्या शास्त्रात, ‘ग्रॉकिंग’ ही संज्ञा २०२२ च्या एका शोधनिबंधापासून प्रचारात आली. शेषांकगणिताची, म्हणजे भागाकारानंतरच्या बाकीवर चालणारी उदाहरणे शिकवलेले लहान न्यूरल नेटवर्क (अशा शिक्षणासाठीची संगणकीय रचना) प्रथम सरावातील उत्तरे जणू पाठ करते व नव्या उदाहरणांत चुकत राहते. मात्र प्रशिक्षण त्यानंतरही दीर्घकाळ चालू ठेवल्यास न पाहिलेल्या उदाहरणांतील त्याची अचूकता एकाएकी वाढते. या उशिरा येणाऱ्या सामान्यीकरणास ती संज्ञा लावतात.